दाबीव काचपात्रांची ओळख : स्वदेशी उद्योगाच्या इतिहासाचे एक साधन

प्रस्तावना :
महाराष्ट्रातील स्वदेशी उद्योगांचा इतिहास प्रामुख्याने भाषणे, वृत्तपत्रे व चरित्रे यांच्या आधारे लिहिला गेला. प्रत्यक्ष वस्तूंकडे त्या मानाने कमी लक्ष गेले. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून व लोकमान्य टिळकांच्या पाठिंब्याने उभ्या राहिलेल्या पैसाफंडातून १९०८ साली पुणे जिल्ह्यातील तळेगाव येथे काच कारखाना सुरू झाला. ईश्वरदास वार्ष्णेय हे त्याचे तंत्रज्ञ होते. १९१६ साली कराडजवळ ओगले काच कारखाना स्थापन झाला. त्याच काळात ऑस्ट्रिया, बेल्जियम, जर्मनी, इंग्लंड व जपान येथील काचसामानही भारतात येत होते. अशा स्थितीत ओतूर, जुन्नर परिसरातील एखाद्या जुन्या वाड्यात नक्षीदार बशी वा वाटी मिळाली, तर ती स्वदेशी की आयात केलेली, हे कशावरून ठरवावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

निर्मितीचे तंत्र :
दाबीव काचेचे यांत्रिक तंत्र अमेरिकेत १८२० च्या दशकात विकसित झाले व लवकरच युरोपात पसरले. वितळलेल्या काचेचा गोळा कात्रीने तोडून धातूच्या साच्यात सोडतात व वरून दट्ट्या दाबतात. बाहेरची नक्षी साच्यातून, तर आतला आकार दट्ट्यातून मिळतो. १८६४ मध्ये अमेरिकेत विल्यम लेटन यांनी सुधारलेल्या सोडा-चुना मिश्रणामुळे महाग शिशाची गरज उरली नाही. हाताने पैलू पाडलेल्या काचेसारखी दिसणारी भांडी त्यामुळे मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली.

ओळखीच्या खुणा :
१) साच्याचे भाग जुळतात तेथे पात्रावर बारीक जोडरेषा उमटते. पात्र पुन्हा आगीवर धरून चकाकी दिली असल्यास ती पुसट होते.
२) दाबीव पात्राचा आतला पृष्ठभाग बाहेरच्या नक्षीपासून स्वतंत्र असतो. साच्यात फुगवलेल्या पात्रात मात्र बाहेरच्या उंचवट्यामागे आत खळगा जाणवतो.
३) दट्ट्या वर काढता यावा लागतो. म्हणून नंतर आकार न बदललेल्या दाबीव पात्राचे तोंड पोटापेक्षा अरुंद नसते.
४) हाताने कापलेल्या पैलूंच्या कडा बोटाला धारदार लागतात; दाबीव नक्षीच्या कडा गोलसर असतात.
५) दीर्घ वापराने बुडाच्या टेकणाऱ्या भागावर वेगवेगळ्या दिशांचे सूक्ष्म ओरखडे पडतात. एकाच दिशेचे समांतर ओरखडे असल्यास कृत्रिम जुनेपणाचा संशय घ्यावा.

चिन्हांचे मूल्य व मर्यादा :
इंग्लंडमध्ये १८४२ ते १८८३ या काळात नोंदणीकृत नमुन्यांवर चौकटीच्या आकाराचे चिन्ह असे. १८८४ पासून अनुक्रमांक आला. मात्र ही तारीख नमुन्याच्या नोंदणीची असते, पात्राच्या निर्मितीची नव्हे. ‘चेकोस्लोव्हाकिया’ असे नाव कोरलेले पात्र १९१८ पूर्वीचे असू शकत नाही, कारण ते राष्ट्रच त्या वर्षी अस्तित्वात आले. केवळ नक्षीवरून कारखाना ठरविणे अधिकच धोक्याचे आहे. गेट्सहेडच्या जॉर्ज डेव्हिडसन कंपनीने १८८० च्या दशकात इतर कारखान्यांचे साचे विकत घेतले होते. नक्षीचे अनुकरणही सर्रास होत असे. म्हणून एकच नक्षी अनेक ठिकाणची असू शकते.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते. चिन्ह नसणे हा पात्र स्वदेशी असल्याचा पुरावा नाही. तसेच सुबक असणे हा ते विलायती असल्याचा पुरावा नाही. पहिल्या समजुतीने तळेगावच्या पदरी न केलेले काम पडते, तर दुसरीने भारतीय कारागिराचे श्रेय हिरावले जाते.

निष्कर्ष :
काचपात्राचे ऐतिहासिक मूल्य त्याच्या बाजारभावावर नव्हे, तर त्याच्याविषयीच्या नोंदीवर अवलंबून असते. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी अशा पात्रांची मापे, छायाचित्रे, बुडावरील खुणा, खरेदीच्या पावत्या व घरातील वडीलधाऱ्यांच्या आठवणी एकत्र नोंदवाव्यात. प्रत्येक निष्कर्षापुढे ‘निश्चित’, ‘संभाव्य’ किंवा ‘अनिर्णीत’ असा शेरा असावा. पात्र भंगारात गेल्यावर त्याच्यासोबत हा पुरावाही जातो. तळेगावच्या कारखान्यासाठी लोकांनी पैसा पैसा जमविला. त्या कारखान्याचा इतिहास लिहिताना पुराव्याचा कणही वाया जाऊ देणे योग्य ठरणार नाही.