ईदची मिठाई: साखर कमी, गूळ पारखून, मजुराचा घाम आठवून

रमजानचा शेवटचा आठवडा लागला की गंगाखेडच्या बाजारात शेवया, चारोळी, सुकं खोबरं, खारीक यांची खरेदी सुरू होते. यादीत सगळ्यात खाली, न विसरता, साखर असते. तिच्याबद्दल आपण कधी काही विचारत नाही. हलाल-हरामचा प्रश्न आपण मांसाच्या दुकानात विचारतो, किराणा दुकानात विचारत नाही. पण कुरआनात खाण्याबद्दल 'हलाल' शब्दासोबत 'तय्यब' हाही शब्द येतो. तय्यब म्हणजे स्वच्छ, चांगलं, शरीराला न बाधणारं. आमच्या मते शीरखुर्म्याची वाटी याही कसोटीवर बघायला हवी.

आधी हिशेब. एक लिटर दुधाच्या शीरखुर्म्यात घरोघरी वाटीभर साखर पडते, म्हणजे साधारण 150 ग्रॅम. सहा वाट्या केल्या तर एका वाटीत 25 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली सांगितलं की वरून घातलेल्या साखरेतून दिवसाच्या 10 टक्क्यांपेक्षा कमी ऊर्जा यावी आणि 5 टक्क्यांच्या खाली ठेवलं तर आणखी बरं. मोठ्या माणसासाठी हे 5 टक्के म्हणजे साधारण 25 ग्रॅमच. ईदला आपण पाच घरी जातो, आणि "एक चमचा तरी घ्या" म्हणत प्रत्येक घरी वाटी भरून मिळते. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या अभ्यासाने देशात 10 कोटींहून जास्त लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज दिला. ते लोक आपल्याच घरात बसलेले आहेत, बहुतेक वेळा दादी किंवा चाचांच्या रूपात.

उपाय अवघड नाही. शीरखुर्मा या नावातच खुर्मा, म्हणजे खजूर आहे. एक लिटर दुधाला दहा-बारा मऊ खजूर बिया काढून, थोड्या गरम दुधात भिजवून वाटून घाला. खारीक, चारोळी, बदाम नेहमीप्रमाणे. दूध नीट आटवलं तर साखर दोन चमच्यांवर भागते. खजुरातही साखर असतेच, पण ती तंतूंसोबत येते. मधुमेह असणाऱ्यांनी मात्र खजूरही मोजूनच खावा. गूळ घालायचा असेल तर गॅस बंद करून, दूध जरा कोमट झाल्यावर घाला, नाहीतर दूध फाटतं. आमच्यापैकी एकीचं पूर्ण पातेलं असं गेलंय, तेही ईदच्या सकाळी.

आता गुळाबद्दल खरं बोलू. गूळ म्हणजे औषध नव्हे. साखरेएवढ्याच कॅलरी त्यात असतात, थोडं लोह आणि खनिजं जास्त, एवढंच. शिवाय बाजारातला पिवळाधमक, चकचकीत गूळ अनेकदा हायड्रोस पावडर टाकून उजळ केलेला असतो. लोकांना गोरा गूळ आवडतो, म्हणून गुऱ्हाळवाले तो करतात. रानभेंडीच्या रसाने मळी काढलेला गूळ गडद तपकिरी दिसतो. घेताना तोच मागा, आणि शक्य असेल तर ओळखीच्या गुऱ्हाळावरून घ्या.

पण गूळ असो की साखर, ऊस कोणीतरी तोडलेला असतो. हा भाग गंगाखेडला कोणी समजावून सांगायची गरज नाही. तालुक्यात साखर कारखाना आहे, आणि याच भागातल्या वाड्या-तांड्यांवरून दिवाळीनंतर लोक बिऱ्हाड घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घ्यायची, नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरायचा, आणि उचल फिटेपर्यंत राबायचं. खाडा झाला तर पैसे कापले जातात. शेजारच्या बीड जिल्ह्यात 2019 मध्ये सरकारी पाहणीत 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची गर्भाशयाची पिशवी काढल्याचं आढळलं. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. साखरेच्या पोत्यावर मात्र तोडणीवाल्या बाईला काय मिळालं हे लिहिलेलं नसतं. ग्राहक म्हणून हे लगेच बदलता येणार नाही. कमी साखर वापरणं हा त्यावरचा पूर्ण इलाज नाही, हेही आम्हाला माहीत आहे. 

जिथे पैसा थेट हातात जातो, तिथे मात्र आपल्याला करता येण्यासारखं आहे. शेवया घ्या. उन्हाळ्यात घरी शेवया करून, खाटेवर वाळवून विकणाऱ्या बायका प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. कारखान्याच्या पाकिटापेक्षा किलोमागे दहा-वीस रुपये जास्त पडले म्हणून त्यांच्याशी घासाघीस करू नका. गव्हाच्या, मैदा न मिसळलेल्या शेवया हव्यात असं आधीच सांगितलं तर त्या करून देतात.

दुकानच्या मिठाईत दोन गोष्टी बघा. चांदीचा वर्ख परंपरेने जनावराच्या आतड्याच्या पापुद्र्यांत ठेवून ठोकला जायचा. ते जनावर कोणतं, कसं कापलेलं, हे कोणालाच सांगता येत नाही. आता यंत्रावरचा वर्खही मिळतो, दुकानदाराला विचारा, नाहीतर बिनवर्खाची बर्फी घ्या, चवीत काही फरक पडत नाही. मुलांच्या जेली आणि मार्शमॅलोच्या पाकिटावर जिलेटिन आणि आयएनएस 120 शोधा. हा दुसरा म्हणजे किड्यांपासून केलेला लाल रंग.

आणि मलिदा विसरू नका. नियाजचा मलिदा आपल्याकडे गव्हाच्या पोळीचा असतो, पण ज्वारीच्या भाकरीचाही छान होतो. परभणीच्या कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटसोबत तयार केलेलं 'परभणी शक्ती' हे ज्वारीचं वाण 2018 मध्ये आलं. त्यात लोह आणि जस्त नेहमीच्या ज्वारीपेक्षा जास्त आहे. मिळालं तर उत्तम, नाहीतर घरची ज्वारी चालेल. दोन ताज्या भाकरी गरम असतानाच हाताने बारीक चुरा, त्यात पाव वाटी किसलेला गडद गूळ, दोन चमचे तूप, भाजलेले तीळ, खोबरं आणि वेलची घालून मळा. घट्ट लाडू वळत नसतील तर चमचाभर कोमट दूध पुरतं. दूध घातलेला मलिदा त्याच दिवशी संपवा, बिनदुधाचा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चांगला राहतो.