नाव कोणाचे लावायचे?

नीरेकाठच्या सांगवीत काय किंवा अन्यत्र काय, भावाभावांत वाटण्या झाल्या तरी जमिनीच्या क्षेत्राची बेरीज बदलत नाही. तंटा असतो तो सातबाऱ्यावर नाव कोणाचे लागायचे याचा. पदार्थविज्ञानातील बॅरिऑन-संख्येचा इतिहास वाचताना आम्हांला हे दोन्ही प्रश्न तेथेही भेटले. प्रोटॉन व न्यूट्रॉन यांची बॅरिऑन-संख्या प्रत्येकी १. आजवर पाहिलेल्या कोणत्याही प्रक्रियेत तिची एकूण बेरीज बदललेली आढळत नाही.

पहिला प्रश्न या बेरजेचा. ती खरोखरच अढळ आहे काय? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने जपानी शास्त्रज्ञांच्या सहकार्याने १९८० साली कोलारच्या सोन्याच्या खाणीत, सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर, १४० टनांचे उपकरण उभारून प्रोटॉनचे विघटन होते का, हे पाहण्यास आरंभ केला. काही नोंदी विघटनाच्या असाव्यात, असे त्या गटाने मांडले. अमेरिका व जपान येथील अधिक मोठ्या प्रयोगांत त्यास दुजोरा मिळाला नाही. बेरीज शाबूत राहिली.

दुसरा प्रश्न धारकाचा. प्रोटॉनमधील तीन क्वार्कांकडे प्रत्येकी एक तृतीयांश, ही पाठ्यपुस्तकांतील वाटणी. परंतु १९७७ मध्ये रोस्सी व व्हेनेझियानो यांनी निराळे चित्र रेखाटले. क्वार्कांना बांधणारे ग्लुऑनांचे तीन पदर जेथे एकत्र येतात, ती गाठच बॅरिऑन-संख्येची खरी वाहक असू शकेल. अणुकेंद्रांच्या प्रचंड वेगाच्या टकरींत ही गाठ ओळखता येईल, असे १९९६ मध्ये खार्झीव यांनी दाखवले. वेगवान क्वार्क पुढे निसटून जातात. गाठ मात्र टकरीच्या मध्यभागी अडकून राहू शकते.

अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत २०१८ साली रुथेनियम व झिर्कोनियम यांच्या केंद्रकांच्या टकरी स्वतंत्रपणे घडवण्यात आल्या. दोहोंत बॅरिऑन ९६. विद्युतभार मात्र ४४ आणि ४०. विद्युतभार क्वार्कांकडेच असतो, याविषयी वाद नाही. तेव्हा बॅरिऑन-संख्याही त्यांच्याकडेच असेल, तर मध्यभागी दोन्ही सारख्याच प्रमाणात मागे राहावयास हव्यात. 'स्टार' या प्रयोगगटाने २०२४ मध्ये मांडलेल्या निष्कर्षांनुसार बॅरिऑन त्या प्रमाणाहून अधिक मागे राहिले. याने गाठीची बाजू बळकट झाली; अंतिम निवाडा मात्र झालेला नाही.

आपल्याकडे विज्ञानाचा इतिहास बहुधा यशस्वी शोधांची यादी म्हणून शिकवला जातो. त्या यादीत कोलारला जागा मिळणे कठीण, आणि क्वार्कांच्या नावावरील एक तृतीयांशाची शहानिशा करण्याचे प्रयोजनही उरत नाही. गावचा कोणताही जाणता शेतकरी मात्र सांगेल, की फेरफाराची नोंद झाली म्हणून मालकी सिद्ध होत नाही. त्यासाठी कधी खाणीत उतरावे लागते, कधी केंद्रके फोडून पाहावी लागतात.