सकळ लिपी : कुलुपात ठेवलेल्या मराठीची किल्ली

१/ जालन्याहून भोकरदनकडे जाताना वाटेत केदारखेडा लागते. या गावाजवळून जी नदी वाहते, तिचे नाव एका जुन्या भारतीय कूटपद्धतीने लिहिले तर ‘तूष्ञा’ असे होते. ज्यांना शब्दकोडी सोडवण्याची सवय आहे त्यांनी खालचा भाग वाचण्याआधी क्षणभर थांबून प्रयत्न करून पाहावा. नदी ओळखीची आहे. तिच्या अक्षरांनी तेवढा वेष पालटला आहे.

२/ किल्ली अशी. वात्स्यायनाने चौसष्ट कलांमध्ये ‘म्लेच्छितविकल्प’ नावाची एक कला सांगितली आहे. म्लेच्छितविकल्प म्हणजे साधेच शब्द इतरांना कळू नयेत अशा रीतीने लिहिणे वा बोलणे. कामसूत्राच्या ‘जयमंगला’ टीकेत यशोधराने तिचे काही प्रकार दिले आहेत. त्यांपैकी ‘मूलदेवीय’ प्रकारात अक्षरांच्या जोड्या ठरलेल्या असतात आणि जोडीतील अक्षरे एकमेकांच्या जागी बसतात : अ-क, ख-ग, घ-ङ, च-ट, त-प, ञ-ण, न-म, र-ष, ल-स, य-श. उरलेली अक्षरे आहेत तशीच राहतात. आता ‘त’च्या जागी ‘प’, ‘ष’च्या जागी ‘र’ आणि ‘ञ’च्या जागी ‘ण’ ठेवा. पूर्णा!

३/ याच रीतीने ‘पैठण’ हे ‘तैठञ’ होते आणि ‘मराठी’ ही ‘नषाठी’ होते. मात्र यातील एक उणीव चटकन नजरेत भरते. व्यंजने बदलली तरी काना, मात्रा, वेलांटी जागच्या जागी राहतात, त्यामुळे शब्दाचा सांगाडा उघडाच पडतो. शिवाय कोणते अक्षर किती वेळा येते, हे मोजले की मूळ भाषा हळूहळू वर येऊ लागते. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीने अक्षरांच्या गणतीची ही युक्ती ग्रंथात मांडून ठेवली होती.

४/ आता मूळ विषयाकडे. याच भोकरदन तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेत, ‘जाळीचा देव’ हे महानुभाव पंथाचे मोठे तीर्थस्थान आहे. तेराव्या शतकात, यादवांच्या काळात, चक्रधरस्वामींनी हा पंथ प्रवर्तित केला. त्यांच्यानंतर नागदेवाचार्यांनी पंथ सांभाळला. म्हाइंभटाने स्वामींच्या आठवणी माणसामाणसाकडून जमवून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले, ते इ. स. १२७८च्या सुमारास. मराठी गद्याचा हा पहिला मोठा ग्रंथ. त्यात लोक जेवतात, भांडतात, रुसतात, वाट चुकतात आणि हे सारे त्या काळच्या बोलत्या मराठीत.

५/ नागदेवाचार्यांचा मराठीविषयीचा आग्रह सर्वश्रुत आहे. शिष्यांपैकी केशोबास हे संस्कृतचे पंडित. त्यांना आचार्यांनी संस्कृत ग्रंथरचनेपासून परावृत्त केले, कारण पंथातल्या साध्यासुध्या म्हाताऱ्या बायका त्या ज्ञानाला मुकल्या असत्या. ‘स्मृतिस्थळ’ या ग्रंथात हा प्रसंग आलेला आहे.

६/ म्हणूनच पुढे घडले ते विलक्षण वाटते. सर्वांना कळावी म्हणून निवडलेली भाषा पंथाने अवघ्या काही दशकांत स्वतःच कुलूपबंद केली. चौदाव्या शतकात ‘सकळ लिपी’ प्रचारात आली. परंपरा तिचे जनकत्व ‘सह्याद्रिवर्णन’कार रवळोबासांना देते. नागरी अक्षरांच्या जागी दुसरी अक्षरे वा चिन्हे योजायची आणि वारंवार येणाऱ्या शब्दांसाठी संक्षेप वापरायचे, असे तिचे सर्वसाधारण स्वरूप. ती एकटी राहिली नाही. सुंदरी, अंक, शून्य, सुभद्रा, वज्र अशा आणखी लिप्याही पंथात निपजल्या.

७/ असे का केले असावे? देवगिरीवर खलजींच्या स्वाऱ्या आल्या, यादवांचे राज्य मोडले. ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत एका धाडीत नष्ट झाली आणि शिष्यांना ती आठवणींतून पुन्हा उभी करावी लागली, असे पंथपरंपरा सांगते. त्या ग्रंथाचे अनेक पाठ आढळतात, त्याचे कारण बहुधा हेच. वर्णाश्रम न मानणाऱ्या, स्त्री-शूद्रांना संन्यास देणाऱ्या पंथाविषयी सनातन्यांचा रोष होताच. तरीही माझ्या मते केवळ भीती हे कारण पुरेसे नाही. आक्रमक सैन्याला मराठी पोथीतील मजकुरात रस असण्याचे कारण नव्हते. लुटारूपासून पोथी वाचवायची तर ती लपवावी लागते, लिपी बदलून भागत नाही. अनधिकारी वाचकाच्या हाती ब्रह्मविद्या पडू नये आणि पाठात कोणी ढवळाढवळ करू नये, हा हेतू अधिक प्रबळ असावा.

८/ पाठरक्षणाचा हेतू बऱ्याच अंशी साधला. पंथ पंजाबात, पुढे पेशावर-काबूलपर्यंत गेला, आणि मातृभाषा मराठी नसलेल्या अनुयायांनीही मराठी पोथ्या जपल्या. पण किंमतही मोठी मोजावी लागली. जे वाचता येत नाही त्याविषयी लोक वाटेल ते बोलू लागतात. काळी वस्त्रे, गुप्त पोथ्या, अगम्य अक्षरे यांभोवती कंड्या पिकल्या. ‘मानभावी’ हा शब्द मराठीत ‘ढोंगी’ या अर्थाने रूढ झाला, तो ‘महानुभाव’चाच अपभ्रंश आहे. आजही हा शब्द आपण विचार न करता वापरतो!

९/ दुसरी किंमत मराठी वाङ्मयाने मोजली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत वाङ्मयेतिहास लिहिणाऱ्यांपुढे तेराव्या शतकातील हे गद्य जवळजवळ नव्हतेच. म्हाइंभट, महदंबेचे ‘धवळे’, नरेंद्राचे ‘रुक्मिणीस्वयंवर’ ही सारी संपदा मठांतल्या पेट्यांत होती.

१०/ विसाव्या शतकाच्या प्रारंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची किल्ली शोधून काढली. ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे यांनी महानुभाव ग्रंथांना वाङ्मयेतिहासात स्थान दिले. अशा लिपीची उकल करणाऱ्याला एक मोठी सोय असते, ती म्हणजे पोथीचे ठरावीक वळण. महानुभाव पोथीचा आरंभ बहुधा ‘श्रीपरेशाय नमः’ अशा नमनाने होतो. आरंभीची आठ-दहा चिन्हे या नमनाशी ताडून पाहिली की श, र, प, य, न, म एकदम हाती लागतात आणि मग त्यांच्या आधाराने पुढची अक्षरे. शब्दकोड्यात एक उभा शब्द सुटला की आडवे शब्द सुटू लागतात, तसेच हे.

११/ या दोन्ही विद्यांचे नाते इंग्रजांनीही ओळखले होते. जानेवारी १९४२मध्ये लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’ने बारा मिनिटांत शब्दकोडे सोडवण्याची स्पर्धा आपल्या कार्यालयात भरवली. तीत चमकलेल्या काही जणांना नंतर ब्लेचली पार्क येथील संकेतभेदाच्या कामासाठी गुपचूप बोलावणे आले.

१२/ अर्थात लिपी फुटली म्हणजे सारे झाले, असे नव्हते. खरे काम त्यानंतरचे. यवतमाळचे य. खु. देशपांडे, नागपूरचे ह. ना. नेने आणि पुढे वि. भि. कोलते यांनी मठोमठी फिरून, महंतांचा विश्वास संपादून पोथ्या मिळवल्या, पाठ ताडून पाहिले. ज्या महंतांनी शतकांचा दंडक मोडून आपल्या पेट्या उघडल्या, त्यांची नावे अभ्यासकांच्या नावांइतकी घेतली जात नाहीत. ती घेतली जायला हवीत. नेन्यांनी १९३०च्या दशकात ‘लीळाचरित्र’ छापले. कोलत्यांनी संपादिलेली प्रत १९७८मध्ये आली.

१३/ ज्यांना हौस आहे त्यांच्यासाठी याच मूलदेवीय पद्धतीने लिहिलेले एक ग्रंथनाम : ‘सीळाटषिप्ष’. किल्ली वर दिलेलीच आहे. जोडाक्षर आधी फोडावे.