शिळा झालेली दुसरी बहीण

अहल्या शापाने शिळा झाली, हे आपण जाणतो. प्रशांत महासागरातील मार्शल बेटांच्या कथेत दोन बहिणी शिळा होतात. एक जादूने, दुसरी मात्र तिच्या सोबतीसाठी, आपखुशीने! २०१८ साली तेथील कवयित्री कॅथी जेट्निल-किजिनर हिने, आका निविआना या ग्रीनलंडच्या कवयित्रीसह, ग्रीनलंडच्या वितळत्या हिमावर उभे राहून ही कथा नव्या कवितेतून सांगितली. स्थळ सहेतुक आहे. ते हिम वितळले की सागर चढतो, आणि ही बेटे तर पाण्यावर जेमतेम दोन मीटर! तरीही जागा न सोडणारी बहीणच का आठवावी, हे बिकिनीचा इतिहास पाहिल्यावर आम्हांस कळते. याच द्वीपसमूहातील बिकिनीच्या १६७ रहिवाशांना अमेरिकेने १९४६ साली अणुचाचण्यांसाठी हलविले. थोड्या काळापुरते, असे सांगून. चाचण्या १९५८ पर्यंत चालल्या. त्या रहिवाशांचे वंशज आजही अन्यत्रच राहतात.