हिंवाळी मळ्याची राखण

बारामतीहून इंदापुराकडे जातांना अंथुर्णें मागें टाकलें कीं शेळगांवचें शिवार लागतें. गेल्या पौषांत आम्ही तेथें एका स्नेह्यांच्या घरीं दोन दिवस राहिलों होतों. पहांटे उठून पाहतों तों गवताच्या पात्यांवर दंव दाटलेलें, ओढ्याच्या अंगाला धुकें बसलेलें, आणि शेजारच्या मळ्यांतील वांग्याचे, मेथीचे व कोथिंबिरीचे वाफे आदल्या सायंकाळच्या पाण्यानें अद्याप ओले. एवढ्या थंडींत झाडांस पाणी कां पाजलें, असें आम्हीं मळ्याच्या वृद्ध मालकांस विचारिलें. ते म्हणाले, “कोरडी भुई लवकर गारठती, सर. पाणी प्यालेली भुई रातभर ऊब धरती.” पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांतून आम्हीं जें पुष्कळ पानें वाचून शिकलों, तें त्यांनीं दोन वाक्यांत सांगून टाकिलें.

त्या उत्तरानें आमच्या मनांत एक प्रश्न उभा राहिला. हा मळा राखला कोणीं आणि कशापासून? या मुलुखाचा गेल्या दोन शतकांचा इतिहास चाळून पाहतां आम्हांस असें दिसतें कीं, भाजीच्या मळ्यास तीन गोष्टींपासून राखावें लागलें आहे : हिंवापासून, सरकारी साऱ्यापासून, आणि वाचकांस नवल वाटेल, परंतु पाण्यापासूनहि.

पहिली राखण सर्वांत जुनी. इंदापूर तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत पडतो. वर्षाचा पाऊस वीस इंचांच्या आसपास, पुष्कळदां त्याहूनहि कमी. आकाश निरभ्र असल्यामुळें दिवसाची ऊब रात्रीं भराभर निघून जाते, आणि गार हवा जड असल्यानें सखल भागांत, ओढ्याकांठीं, साचते. म्हणून जाणता मळेकरी वांगीं, मिरची, टोमॅटो यांसारखीं नाजूक झाडें खोलगट जागीं लावीत नाहीं. मुळा, गाजर, कोबी, वाटाणा यांस मात्र थंडी मानवते. वाऱ्याच्या बाजूस शेवरीची किंवा मक्याची दाट ओळ धरावयाची, रोपांच्या वाफ्यावर रात्रीं पाचट पसरून सकाळीं तें काढावयाचें, कडाक्याच्या रात्रीं बांधावर ओलसर काडीकचरा धुमसत ठेवावयाचा, मावा दिसला कीं पानें दंवानें ओलीं असतांनाच त्यांवर चुलींतील राख धुरळावयाची, हे त्याचे उपाय. यांत मुख्य उपाय पाण्याचा, आणि तेंहि विहिरीच्या पाण्याचा. खोल विहिरीचें पाणी हिंवाळ्यांत बाहेरच्या हवेहून कोमट असतें. पहांटे त्यावर वाफ दिसते ती त्यामुळेंच. विहीर नाहीं तर हिंवाळी मळा नाहीं, असा हा सरळ हिशेब आहे.

मिरची, बटाटा व टोमॅटो हीं अमेरिकेंतून समुद्रमार्गें आलेलीं पिकें. ‘बटाटा’ व ‘कोबी’ हे शब्दच मुळीं पोर्तुगीजांकडून आपणांस मिळाले. तीं येण्यापूर्वींहि मळा होताच. भीमेपलीकडे माढें तालुक्यांतील अरणच्या सांवता माळ्यानें तेराव्या शतकांत आपल्या मळ्यालाच पंढरी मानिलें, हें सर्वांस ठाऊक आहे. त्या काळापासून विजेचे पंप येईपर्यंत मळ्याचा प्राण मोटेंत होता. बैलांची जोडी दिवसभर धावेवर चालावी तेव्हां थोडेसे वाफे भिजावयाचे. त्यामुळें मळा लहानच असे. पण कोरडवाहू ज्वारी बुडाली तरी घरांत कालवण व हातांत चार पैसे येत ते याच तुकड्यावर.

आतां दुसरी राखण. पेशवाई गेल्यानंतर प्रिंगल नांवाच्या अधिकाऱ्यानें जमिनींची मोजणी व प्रतवारी केली. निव्वळ उत्पन्नाचे शेंकडा ५५ सरकारनें घ्यावे, असें त्याचें गणित होतें. तें १८३० मध्यें अमलांत आलें आणि इंदापूर तालुक्यांत त्याचा असा परिणाम झाला कीं, शेतकरी जमिनी टाकून निघून गेले. मग गोल्डस्मिड व विंगेट यांनीं याच तालुक्यांत नव्यानें काम आरंभिलें आणि १८३६ मध्यें तीस वर्षांच्या मुदतीचा हलका धारा येथें बसविला. पुढें मुंबई इलाख्यांत सर्वत्र पसरलेल्या सर्वे-पद्धतीचा जन्म असा इंदापुरांत झाला. त्या पद्धतींतील एक तत्त्व आमच्या विषयास फार महत्त्वाचें आहे. शेतकऱ्यानें स्वतःच्या खर्चानें विहीर खणली, तर त्या सुधारणेपायीं त्याचा सारा वाढूं नये, असें तें तत्त्व. १८७९ च्या जमीन महसूल कायद्यांत तें नमूद झालें. विंगेटच्या पद्धतीचे दोषहि होते. १८६७ च्या फेरतपासणींत इंदापूरचा सारा वाढला, आणि १८७५ च्या मे महिन्यांत जवळच सुपें येथें सावकारांच्या दस्तऐवजांची होळी झाली. तथापि खणलेल्या विहिरीवर कर नाहीं, या एका नियमानें मळ्यास जें अभय दिलें, तें विसरतां येत नाहीं.

दंग्यापाठोपाठ १८७६-७७ चा दुष्काळ आला. दुष्काळी काम म्हणून नीरेच्या डाव्या कालव्याची खोदाई तेव्हां सुरू झाली. १८८५ च्या सुमारास पाणी वाहूं लागलें, आणि भाटघरचें पहिलें धरण १८९२ मध्यें पुरें झालें. आरंभीं शेतकरी पाणी घेण्यास बिचकत. पावसानें दगा दिला तरच ते पाटाकडे वळत. पुढें ऊस आला आणि चित्र पालटलें. सासवडच्या माळी मंडळींनीं कालव्याकांठीं जमिनी खंडानें घेऊन ऊस करण्याची विद्या पसरविली. वाफे बांधण्यांत मुरलेला हातच सरी-वरंब्याकडे वळला. विश्वेश्वरय्यांनीं १९०० नंतरच्या पहिल्या वर्षांत गट-पद्धति घातली. तिचा हेतु असा कीं, उसाला गटाचा ठरावीक हिस्सा द्यावा, बाकींत हंगामी पिकें घ्यावीं, आणि पाणी थोड्यांच्या हातीं न राहतां पुष्कळ गांवांस पोंचावें. १९२८ मध्यें भाटघरचें नवें मोठें धरण झालें; पुढील दशकांत वालचंदनगरची साखर निघूं लागली.

येथें तिसऱ्या राखणीचा प्रसंग आला. काळी खोल जमीन, पाण्याची रेलचेल आणि निचऱ्याचा अभाव, यांमुळें नीरेकांठच्या जमिनी पाणथळ झाल्या, त्यांवर मीठ फुललें. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल हॅरोल्ड मॅन यांनीं तम्हाणे यांच्यासह १९१० मध्यें नीरा खोऱ्यांतील खारवट जमिनींवर पुस्तिका लिहिली. म्हणजे कालवा वाहूं लागल्यास पुरीं तीस वर्षेंहि झालीं नव्हतीं, तोंच हा रोग शास्त्रज्ञांच्या दृष्टीस पडला होता. भाजीस ही खार उसाहून लवकर बाधते. घेवडा व मुळा तर आरंभींच माना टाकतात. ज्यास चर खणून निचरा काढण्याची ऐपत नव्हती, त्याचा मळा पाण्यानेंच बुडाला.

कालवा नसता तर बरें झालें असतें, असें आमचें म्हणणें नाहीं. कालव्याच्या पाझरानेंच त्याच्या पट्ट्यांतील विहिरींस उन्हाळ्यांतहि पाणी राहतें. तसें म्हणणें कृतघ्नपणाचें होईल. आमचें म्हणणें निराळें आहे. ऊस पाण्याच्या पाळीची वाट पाहूं शकतो. तीन आठवडे उशीर झाला तर तो सुकतो, पण मरत नाहीं. मेथी वाट पाहत नाहीं. आणि थंडी तर पाळीचें वेळापत्रक पाहून येत नाहीं. ज्या सायंकाळीं वारा पडला व आकाश लख्ख झालें, त्याच सायंकाळीं वाफे भिजले पाहिजेत. म्हणून कालव्याच्या राज्यांतहि भाजीचा मळा राहिला तो विहिरीच्या आधारानें. ज्याच्या हातीं हवें तेव्हां घेतां येणारें थोडें पाणी आहे, त्याची भाजी. ज्याला थांबणें परवडतें, त्याचा ऊस.

आज धाव मोडली आहे, मोटेचें चाक कोठें कोठें अंगणांत शोभेसाठीं पडलेलें दिसतें. वीज पुष्कळदां रात्रींच मिळते आणि शेतकऱ्यास थंडींत कुडकुडत पंप सुरू करावयास जावें लागतें. विंधनविहिरी खोल जात आहेत. शेजाऱ्याच्या उसासाठीं उपसलेलें पाणी आपल्या आडांतून जातें, हें भांडण नवें आहे आणि त्याला विंगेटचा नियम पुरत नाहीं. विहीर खणणाऱ्यास कायद्यानें राखलें. विहिरींतील पाण्यास कोण राखणार, हा प्रश्न आतां या मुलुखापुढें आहे.

निघण्याच्या दिवशीं त्या वृद्ध मालकांनीं आमच्या हातीं मेथीची जुडी दिली. विहिरीला पाणी किती आहे, असें आम्हीं जातां जातां विचारलें. ते म्हणाले, “शिमग्यापोतर पुरंल, सर. पुढचं पुढं.” जुडीच्या मुळांना लागलेली माती अद्याप ओली होती.