'खोटं' आणि 'खोटं खोटं'

नाशिक रोड स्टेशनावर अस्थिकलश घेऊन उतरणारी माणसं आपल्याला नवी नाहीत. रामकुंडाकडे निघालेली. त्यांच्यात कधी कधी सहा-सात वर्षांचं एखादं पोर असतं, आणि त्याला सांगितलेलं असतं, "आई गावाला गेलीय." आजचा विषय ते पोर.

आपल्या मुलांकडे दोन वेगळे शब्द आहेत: 'खोटं' आणि 'खोटं खोटं'. भातुकलीतला भात खोटं खोटं असतो. तो भात आहे असं खेळणारा कुणीच मानत नाही, तरी वाढताना बोटं भाजल्यासारखी झटकतो. "गावाला गेलीय" हे मात्र नुसतं खोटं. हा फरक शिकवायला आम्ही तत्त्वज्ञानवाले वर्ष वर्ष घालवतो, मुलांना तो शाळेआधीच कळलेला असतो. घरात मृत्यू झाला की मूल बाहुलीवर पांघरूण घालून "ही मेली" म्हणतं, मग उठवतं, परत निजवतं. तेवढ्यात कुणीतरी धावत येतं, "असलं अभद्र खेळू नये!" म्हणजे घरात जो एकटा खरं बोलतोय त्याला गप्प करायचं आणि आपलं खोटं चालू ठेवायचं.

फ्रॉइडनं १९२० च्या आपल्या पुस्तकात दीड वर्षाच्या नातवाचा खेळ नोंदवलाय. दोरी बांधलेलं रीळ पलंगाच्या कडेपलीकडे फेकायचं, दिसेनासं झालं की परत ओढायचं. आईचं जाणं-येणं तो असं आपल्या हातात घेत होता, हा फ्रॉइडचा अर्थ. त्याच वर्षी जानेवारीत त्या मुलाची आई, फ्रॉइडची मुलगी सोफी, खरोखरच गेली. फ्रॉइडची सगळी मीमांसा मला पटत नाही. पण ते रीळ पटतं.

आणि मोठी माणसं काय करतात? देह सापडलाच नाही तर आपल्याकडे पालाशविधी आहे. पळसाचा किंवा दर्भाचा पुतळा करायचा, त्यालाच माणूस मानून अग्नी द्यायचा. त्याला आपण शास्त्र म्हणतो. पोरानं चिंध्यांची बाहुली घेतली की मात्र अभद्र!

इथल्याच तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये साने गुरुजींनी 'श्यामची आई' लिहायला घेतलं. त्यांची आई १९१७ साली गेली तेव्हा ते सतरा वर्षांचे, शिक्षणासाठी घरापासून लांब. शेवटच्या घटकेला जवळ नव्हते. पुढं तेहेतिसाव्या वर्षी त्यांनी स्वतःला 'श्याम' हे नाव घेतलं, भोवती ऐकणारे मित्र बसवले आणि रात्रीमागून रात्र आईच्या आठवणी सांगितल्या. त्या पुस्तकाची चर्चा आपण संस्काराच्या अंगानं इतकी करतो, की हा आईवेगळ्या मुलाचाही एक खेळ आहे हे ध्यानातच येत नाही. दुसऱ्या नावाआडून बोलणं सोपं जातं.

मग करायचं काय? आधी मेली हे 'मेली' या शब्दातच सांगायचं. झोपली म्हटलं तर मूल झोपेलाच भिईल. मग जमिनीवर बसायचं. खेळ आपण सुचवायचा नाही, त्याचा शेवट दुरुस्त करायचा नाही. बाहुली जिवंत झाली तर होऊ द्या, "असं नसतं हं बाळा" नको. महिनोन्महिने तोच खेळ, झोप नाही, जेवण नाही, असं दिसलं तर बालमानसतज्ज्ञाला दाखवा. एरवी मूल देईल ती भूमिका घ्यायची. बहुधा ते तुम्हालाच आजारी पाडतं आणि स्वतः डॉक्टर होतं.