वस्ती बघायला येणारे आणि वस्तीत राहणारे

आज आपल्याला धारावीबद्दल बोलायचं आहे, पण सुरुवात लंडनपासून करू. 1880 च्या दशकात तिथली सुखवस्तू मंडळी ईस्ट एंडच्या गरीब वस्त्यांत फेरफटका मारायला जात. कुणी धर्मादाय कामासाठी, कुणी निव्वळ कुतूहलापोटी. या प्रकाराला ‘स्लमिंग’ असा शब्दच रूढ झाला. न्यूयॉर्कनेही ही हौस लवकरच उचलली. 1990 च्या दशकात रिओच्या रोसिन्हा वस्तीत आणि दक्षिण आफ्रिकेतल्या टाउनशिपांत ही फेरी तिकीट लावून निघू लागली, आणि 2005-06 च्या सुमारास ती धारावीत आली. म्हणजे ‘स्लमडॉग मिलियनेअर’च्या आधी. 2008 च्या त्या चित्रपटाने धंदा वाढवला, सुरू केला नाही.

मग पैशाचं काय होतं? इथे फेऱ्या सुरू करणाऱ्या ‘रिॲलिटी टूर्स’ने दोन नियम ठरवले: वस्तीत फोटो काढायचे नाहीत आणि नफ्यातला 80 टक्के वाटा सामाजिक कामाला द्यायचा. नियम चांगलेच आहेत. पुढे आलेले सगळेच चालक काही ते पाळत नाहीत. पण नफा म्हणजे तिकिटाची रक्कम नव्हे. पगार, ऑफिस, कर हे सगळं वजा जाता जे उरतं, त्यातला हा वाटा. वाटाड्याला रोजगार मिळतो, अनेकदा तो धारावीतलाच तरुण असतो. मुलांचे वर्ग चालतात. हे नाकारण्याचं कारण नाही.

पण विकलं काय जातं, ते बघा. तेरा कंपाउंडमधलं प्लास्टिकचं काम, कुंभारवाड्यातली भट्टी, समोरून कुणी आलं तर अंग चोरावं लागेल अशी गल्ली. त्या गल्लीत ज्याचं दार उघडतं, त्याची परवानगी कुणी घेतलेली नसते आणि तिकिटातला पैसा थेट त्याच्या हातात येत नाही. चामड्याच्या बॅगांचं दुकान पाहुण्यांमुळे चालतं. कुंभाराच्या मातीच्या वस्तू विमानाने जाणारा माणूस किती नेणार?

लौकिक मात्र बदलला. भिकाऱ्यांची वस्ती पाहायला आलेला माणूस कारखाने पाहून परततो. आपल्याला यात समाधान वाटतं, आणि तिथेच थोडं सावध व्हायला हवं. ‘गरीब, पण किती कष्टाळू!’ म्हणताना धूर, तुटपुंजी मजुरी आणि तुंबलेलं गटार ही त्या कष्टाची शोभा होऊन जाते.

आणि या कौतुकाला सरकारदरबारी किंमत किती? पुनर्विकासाची निविदा 2022 मध्ये अदानी समूहाला मिळाली. त्यात घराची पात्रता ठरते ती तारखेवर आणि मजल्यावर. 1 जानेवारी 2000 पूर्वीचा पुरावा असलेल्या, तळमजल्यावरच्या रहिवाशाला धारावीतच मोफत घर. नंतर आलेल्यांची आणि माळ्यावर राहणाऱ्यांची सोय धारावीबाहेर, तीही मोफत नाही. फेरीत पाहुण्यांना प्लास्टिक निवडताना जो कामगार दाखवतात, तो पुष्कळदा बाहेरगावचा असतो, रात्री त्याच कारखान्यात पथारी टाकतो. त्याच्या नावावर ना तळमजला, ना माळा.